मनिऑर्डर आणि न लिहिलेले पत्र

नायजेरिया हा पश्चिम आफ्रिकेतील देश कुडाळपासून हजारो मैल दूर आहे. तेथील भाषा निराळ्या, देवधर्म निराळे, पानात वाढले जाणारे अन्नही निराळे. तथापि त्या देशातील एका लेखिकेच्या कथेत एक पाकीट आहे, आणि ते कोकणातील कोणाही वयस्क माणसास पाहताक्षणी ओळखता येईल. लेखिकेचे नाव चिमामांडा न्गोझी अडिची. तिचा ‘द थिंग अराउंड युवर नेक’ हा कथासंग्रह २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील त्याच नावाच्या कथेत लागोस शहरातील एक तरुणी अमेरिकेत जाते, कानेटिकट संस्थानातील एका उपाहारगृहात वाढपिणीचे काम पत्करते आणि दरमहा मिळकतीचा निम्मा हिस्सा आईबापांस धाडते. नोटा ती कोऱ्या कागदात नीट गुंडाळून पाकिटात घालते. त्या कागदावर ती एक अक्षरही लिहीत नाही.

पैसे जातात, पत्र जात नाही. परमुलखात गेलेल्या माणसाचा इतिहास या एका वाक्यात पुष्कळसा सामावला आहे. किती माणसे गेली, कोणत्या साली गेली, किती रक्कम परत आली, हे दप्तरात सापडते. पैशाबरोबर काय लिहिले गेले नाही आणि का लिहिले गेले नाही, हे दप्तरात सापडत नाही. ते सांगण्याचे काम जगात सर्वत्र लघुकथेने आणि तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे कादंबरीने, केले आहे. कुडाळ व त्याच्या आसपासचा मुलूख हा या गोष्टीचा उत्तम दाखला होय.

कुडाळ हे पूर्वी सावंतवाडी संस्थानातील गाव. १९४८ साली संस्थान विलीन झाले व हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात आला. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला व कुडाळ त्यात मोडू लागले. राज्ये व जिल्हे बदलले, पण घरातील कर्ता पुरुष मुंबईस असावयाचा ही रीत बदलली नाही. याची कारणे जमिनीतच आहेत. जांभ्या दगडावरचा मातीचा थर पातळ. पाऊस उदंड, परंतु चार महिन्यांत पडून समुद्रास मिळणारा. भाताचे एक पीक, आणि तेही पिढ्यानपिढ्या वाटण्या होत गेलेल्या कुणग्यांत. उत्तरेकडे खोतीचा जाच निराळाच होता. त्या पद्धतीच्या निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. अशा मुलखात दोन भावांपैकी एकाने शेत राखावयाचे व दुसऱ्याने बाहेर पडावयाचे, हा जणू अलिखित करारच होता.

बाहेर पडण्याची पहिली वाट पलटणीची. मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातील शिपाई गिरण्या निघण्याच्या आधीपासून होते. दुसरी वाट समुद्रापारची. १८३४ पासून मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. १८३५ साली त्या बेटावरील गुलामगिरी रद्द झाली आणि मळेवाल्यांस हात हवे होते. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत रत्नागिरी व सावंतवाडीकडील मराठी माणसे होती. पोर्ट लुई येथे उतरलेल्या मजुरांचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जात आणि अंगावरील खूण वहीत टिपली जात असे. त्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. गणेशचतुर्थी मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटीचा दिवस आहे, आणि तेथील मराठी कुळे तो सण मोठ्या निष्ठेने करतात. परंतु वहीतील उंची व खूण यांवरून माणूस उभा राहत नाही. बोटीवर चढताना त्याने मागे वळून पाहिले की नाही, हे नोंदविण्यास वहीत रकाना नव्हता.

तिसरी वाट मुंबईची, आणि हीच खरी राजवाट ठरली. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढे परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सारा भाग भोंग्याच्या तालावर उठू लागला. कुडाळ भागातील माणसाने बैलगाडीने वेंगुर्ले गाठावे, किनाऱ्यावरून पडावात बसून खोल पाण्यातील आगबोटीवर चढावे, आणि मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी करीत भाऊच्या धक्क्यास लागावे, असा क्रम पुष्कळ वर्षे चालला. पावसाळ्यात बोटी बंद. मग आंबोलीचा किंवा फोंड्याचा घाट चढून कोल्हापुरास आगगाडी धरावयाची. हा प्रवास निर्धोक नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या पिढीच्या मनात बोट या शब्दास नेहमीच भीतीची एक किनार राहिली.

मुंबईस पोचलेल्या माणसास गावाने टाकले नव्हते. गिरणगावातील चाळींत एकेका गावाच्या खोल्या असत. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरावीस गडी राहत. पाळी आळीपाळीने असल्यामुळे एक निजावयास येई तेव्हा दुसरा त्याच जागेवरून उठून कामास जाई. ज्याची त्याची ट्रंक भिंतीशी, वळकटी ट्रंकेवर. जेवण खानावळीत, आणि ती खानावळही बहुधा गावाकडच्याच एखाद्या बाईने चालविलेली. नव्या पोरास मुकादमापुढे उभे करावयाचे, तो बदलीवर लागेपर्यंत त्याचा खर्च सांभाळावयाचा, कोणी वारल्यास वर्गणी काढावयाची, गावच्या देवळास व शाळेस पैसे पाठवावयाचे, हे सारे गावकीचे मंडळ पाही. गावात अशा माणसास चाकरमानी म्हणत. त्या शब्दात चाकरी आहे आणि मानही आहे. शिमग्यास व गणपतीस तो घरी आला म्हणजे मान मिळे. चाकरी कशी आहे हे मात्र कोणी खोलात विचारीत नसे, आणि तोही सांगत नसे.

आता त्या मनिऑर्डरीकडे वळावे. टपाल खात्याने मनिऑर्डरीचे काम १८८० साली हाती घेतले. कोकणच्या अर्थव्यवहाराचे वर्णन मनिऑर्डरीवर चालणारा जिल्हा असे पुढे सर्रास होऊ लागले. तो छापील कागद ज्यांनी पाहिला आहे त्यांस आठवेल की, त्याच्या तळाशी निरोपासाठी एक चिंचोळी जागा असे. पैसे देतेवेळी पोस्टमन तेवढा तुकडा फाडून घेणाऱ्याच्या हाती देई. त्यात मावतील तेवढेच शब्द: पैसे पोचताच कळवावे, आईस औषध आणावे, खावटीचे भात भरून ठेवावे, येथे सर्व क्षेम आहे. दुसरा तुकडा पोहोच म्हणून पाठविणाऱ्याकडे परत जाई. त्यावर घरधनिणीचा अंगठा. तिचे उत्तर म्हणून नवऱ्याच्या हाती पडावयाचे ते एवढेच.

‘येथे सर्व क्षेम आहे’ हे वाक्य लक्षावधी वेळा लिहिले गेले असेल, आणि त्यातील कितीतरी वेळा ते खरे नसेल. साचेखात्यात खोकला जडला, बदलीचे काम मिळेना, सावकाराचे व्याज चढले, तरी वाक्य तेच. हे असत्य फसविण्यासाठी नव्हते. घरच्यांचा धीर सुटू नये म्हणून ते होते. आणि घरूनही सत्य येत नव्हते. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावयाचे, म्हणजे सासूसासऱ्यांसमोर व गुरुजींसमोर मनातले बोलावयाचे. ते कोणत्या सुनेस जमावे? तिने आपले दुःख जात्यापाशी ठेवले. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी प्रेमापोटीच मौन धरले गेले, आणि वर्षानुवर्षांच्या त्या मौनाने कधी कधी नवराबायको एकमेकांस परकी झाली.

मराठी लेखकांनी या मौनास वाचा कशी दिली, हे पाहण्याजोगे आहे. मामा वरेरकर यांनी काही वर्षे टपाल खात्यात नोकरी केली होती. त्यांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी १९३३ साली आली आणि गिरणीकामगार मराठी वाङ्मयात मुख्य पात्र होऊन उभा राहिला. तोवर बहुतेक कथा पांढरपेशांच्या दिवाणखान्यांत घडत. पुढे वारणेकाठच्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी, जे लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईस आले, ‘स्मशानातील सोनं’ ही कथा लिहिली. तिचा नायक भीमा गाव सोडून मुंबईच्या उपनगरात येतो, खाणीत दगड फोडतो आणि खाण बंद पडताच स्मशानातील राख चाळून सोन्याचे कण शोधू लागतो. एका भयंकर रात्री तो आपली बोटे गमावून बसतो, आणि त्यानंतर कळते की खाण पुन्हा सुरू होत आहे. गावी निरोप धाडावयाचा तर हा मनुष्य काय लिहिणार? त्याच्या कुपनावर ‘सर्व क्षेम’ याखेरीज दुसरे काही आलेच नसते. बाकीचे सारे कथेने लिहिले.

बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्यातील त्याच नावाच्या कथेतला तरुण रेल्वेतील कामासाठी गुजरातेत उधना येथे जातो. परगावी राहावयास जागा हवी, आणि जागेसाठी जात सांगावी लागते. तो ती लपवितो. उघडकीस येताच मार खातो. आपल्याच देशात शेजारच्या प्रांतात गेलेला मनुष्य परका कसा ठरतो, हे या कथेने दाखविले. परदेशगमनासाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. कित्येकांस उंबरठादेखील परदेशाच्या वेशीसारखा आडवा येतो.

सिंधुदुर्गच्या भूमीने दिलेल्या लेखकांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू हाताळली. करूळ गावचे मधु मंगेश कर्णिक यांच्या ‘कोकणी गं वस्ती’ या १९५८ सालच्या संग्रहात येथील माणसे आली. पुढे १९६९ साली ‘माहीमची खाडी’ या कादंबरीत त्यांनी मुंबईच्या झोपडपट्टीतील जीवन चितारले. आरवलीचे जयवंत दळवी यांनी ‘चक्र’ कादंबरीत महानगराच्या तळाशी राहणारी माणसे रंगविली आणि लगोलग १९६४ साली ‘सारे प्रवासी घडीचे’ या पुस्तकात आपल्या गावचे लोक हसतखेळत उभे केले. वेंगुर्ले तालुक्यात जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर मुंबईस गेले, पण त्यांची लेखणी परत परत कोकणच्या देवराईकडे वळली. हे तिघेही एका अर्थी चाकरमानीच. पोटासाठी मुंबई आणि मनात गाव, हा त्यांच्या लेखनातील ताण वाचकांस परिचयाचा आहे. त्यांनी जे लिहिले ती गावास आलेली उशिराची पण सविस्तर पत्रे होत, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवर पाहिले की नायजेरियाची कथा परकी वाटत नाही. तो देश १९६० साली स्वतंत्र झाला. इबो, योरुबा, हौसा व इतर अनेक समाज तेथे नांदतात. नायजर नदीकाठच्या ओनित्शा या बाजारपेठेत दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त छोट्या पुस्तिकांचा सुकाळ झाला. शाळा शिकून शहराकडे निघालेली तरुण मुले त्या वाचीत. सिप्रियन एक्वेन्सी यांनी १९५४ साली ‘पीपल ऑफ द सिटी’ या पुस्तकात लागोस शहराची भुरळ व फसगत वर्णिली. चिनुआ अचेबे यांच्या ‘नो लाँगर ॲट ईझ’ या १९६० सालच्या कादंबरीत तर आपली गावकीच भेटते. लागोसमध्ये पोटासाठी आलेले उमुओफिया गावचे लोक आपले मंडळ काढतात, वर्गणी जमवितात आणि गावातील एका हुशार मुलास कर्जाऊ शिष्यवृत्ती देऊन विलायतेस धाडतात. तो शिकून मोठा हुद्देदार होऊन परततो. पण कर्जाचे हप्ते, घरी पाठवावयाचे पैसे, मंडळाच्या अपेक्षा आणि हुद्द्याचा डौल यांच्या कात्रीत सापडून अखेर लाच घेतो. गिरणगावातील ज्या मंडळींनी गावच्या पोरांस शिकविले, त्यांस या कादंबरीतील बैठकांचे वर्णन घरचे वाटेल.

अडिची ही १९७७ साली जन्मलेली, म्हणजे नंतरच्या पिढीची. तिच्या पात्रांनी लागोसच्या पुढे समुद्र ओलांडला आहे. ‘इमिटेशन’ या कथेत नेहमीचा क्रम उलटा होतो: पत्नी मुलांसह अमेरिकेत, आणि पती बहुतांशी लागोसमध्ये. घर मोठे, सुखसोयी भरपूर. घरात बेनिन येथील प्राचीन मुखवट्याची एक नक्कल मांडलेली आहे. तेथील अस्सल वस्तू १८९७ साली इंग्रज फौजेने लुटून नेल्या होत्या. लागोसच्या घरात दुसरी बाई वावरू लागल्याचे पत्नीस कळते. इतकी वर्षे ती गप्प होती. कथेच्या शेवटी ती ठामपणे सांगते की, आता मुलांसह परत यावयाचे. पोहोचेच्या कागदावर अंगठा देणाऱ्या कोकणातील स्त्रीस जे वाक्य उच्चारण्याची सोय नव्हती, ते वाक्य येथे एक स्त्री उच्चारते.

आणि त्या कोऱ्या कागदाचे काय झाले? तरुणीच्या मनात लिहावयाचे पुष्कळ होते. पण जे पाहिले ते लिहावे तर घरच्यांस कळणार नाही, आणि जे सोसले ते लिहावे तर घरच्यांस सोसणार नाही. शेवटी फार दिवसांनी ती घरी पत्र लिहिते. उत्तर येते ते आईचे. वडिलांना जाऊन पाच महिने झालेले असतात. तिने पाठविलेल्या पैशांतून त्यांचे उत्तरकार्य चांगले केले, असे त्यात असते. पैसा वेळेवर पोचला, शब्द उशिरा पोचला. पैशाने आपले काम चोख बजावले, आणि तरीही जे हातचे जावयाचे ते गेलेच. कोकणातील किती घरांत हीच गोष्ट घडली असेल, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरापुरता करावा.

या विषयाचे महत्त्व केवळ वाङ्मयीन नाही. २०१३ च्या ऑक्टोबरअखेर गोव्यात एका नायजेरियन नागरिकाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरी येथे महामार्ग अडविला. प्रक्षोभ उसळला, कठोर उद्गार निघाले, आणि या लोकांस घरे भाड्याने देऊ नयेत अशीही भाषा काही ठिकाणी झाली. तोच महामार्ग उत्तरेस कुडाळवरून मुंबईस जातो. ज्या मार्गाने चाकरमान्यांच्या पिढ्या गेल्या तोच हा मार्ग. गुन्हा करणाऱ्यास शासन व्हावे, याबद्दल दुमत नाही. परंतु एका देशाच्या सर्व माणसांस एकाच नावाने ओळखणे म्हणजे त्या पोर्ट लुईच्या वहीत नाव व खूण लिहून माणूस विसरून जाण्यासारखे आहे. उधन्यास जागा शोधणाऱ्या तरुणाची मराठी कथा ज्याने मनापासून वाचली आहे, त्याने दार लावून घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढे तरी त्या कथेचे ऋण त्याच्यावर आहे.

काळ आता पुष्कळ पालटला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा जो संप सुरू झाला त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर गिरणगाव पूर्ववत झाले नाही, आणि कित्येक चाकरमानी रित्या हाताने गावी परतले. १९९८ साली कोकण रेल्वेवरून मुंबईपासून थेट गाड्या धावू लागल्या आणि वेंगुर्ल्याच्या बोटीची जागा कुडाळ स्थानकाने घेतली. जुन्या पद्धतीची मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली; पैसे आता दूरध्वनी यंत्रावरून क्षणात जातात, आणि त्यात निरोपाची ती चिंचोळी जागादेखील कोणी फारशी भरीत नाही. दुसरीकडे, जो मुलूख माणसे बाहेर धाडीत असे तेथे आता बाहेरची माणसे येतात. आंब्याच्या बागा राखावयास नेपाळातून गडी येतात, बांधकामावर उत्तरेकडील व कर्नाटकातील मजूर असतात. संध्याकाळी तेही घरी बोलतात, आणि त्यांच्या भाषेत बहुधा हेच सांगतात की, येथे सर्व क्षेम आहे.

त्यांच्या कथा मराठीत लिहिल्या जावयाच्या आहेत. त्या लिहिण्याचा अधिकार व योग्यता कुडाळसारख्या गावाइतकी दुसऱ्या कोणास असणार? ज्या घराने दीडशे वर्षे परमुलखातील वाट पाहिली, त्या घरास वाट पाहणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. शाळेतील मुलांनी आजीआजोबांच्या ट्रंकेत जपलेले मनिऑर्डरीचे तुकडे एकदा बाहेर काढावेत, त्यावर काय लिहिले आहे ते वाचावे आणि काय लिहिले नाही ते विचारावे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होण्याजोगे आहे. नंतर उरेल तो फक्त रकमेचा आकडा आणि अंगठ्याचा ठसा.